हस्ताक्षराचा फॉन्ट आणि माणसाची सही



अक्षरांवर बोलायला आपण एका युनियनवाल्याला उभे केले आहे. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकावरील फळ्यावर झाले. सभेची सूचना खडूने लिहायची आणि पाळी सुटलेल्या माणसाने ती चालता चालता वाचली पाहिजे, एवढीच माझी शाळा.

हाताने सहज लिहिल्यासारखे दिसणारे छापील अक्षर ही काही संगणकाची करामत नव्हे. रॉजर एक्स्कोफों या फ्रेंच कलावंताने १९५३ साली मार्सेय येथील ओतशाळेसाठी ‘मिस्त्राल’ हे अक्षर स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडविले. शिशाचा खिळा म्हणजे ठोकळा. हाताचे अक्षर मात्र शेजाऱ्याचा हात धरून चालते. त्याने अक्षरांच्या शेपट्या अशा बेताने सोडल्या की शेजारी खिळा ठेवताच रेघ जुळावी. देवनागरीत आज ‘कलम’ हा फॉन्ट आहे. पेनाने भरभर लिहिल्यासारखा, उजवीकडे कललेला, आणि फुकट मिळणारा.

यात वाईट काय? काहीच नाही. निमंत्रण, शुभेच्छापत्र, दुकानाची पाटी, मासिकातला मथळा, अशा ठिकाणी चार-सहा मोठे शब्द या अक्षरात गोड दिसतात. पण आपले पूर्वज दप्तर मोडीत लिहीत आणि पोथी बालबोधीत. घाईचे अक्षर निराळे, सर्वांनी वाचायचे निराळे, हा विवेक त्यांना होता.

तो मी एकदा विसरलो. पगारकराराचे आकडे मीच हौसेने हस्ताक्षरी फॉन्टात, बारीक टाइपात छापून घेतले. रात्रपाळीची मंडळी पत्रक दिव्याखाली धरून विचारू लागली, “भाऊ, हा एक की नऊ?” सगळी पत्रके सरळ उभ्या अक्षरात पुन्हा छापावी लागली.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. एका कारखान्याच्या सूचनाफलकावर कागद लागला. वर ‘प्रिय कुटुंबीयहो’, सगळा मजकूर तशाच लाडिक अक्षरात, खाली सही नाही. मजकूर एवढाच, की पुढच्या महिन्यापासून तिसरी पाळी बंद. एक जुना फिटर म्हणाला, “भाऊ, हे लिवलंय कुणी? त्यालाच जाऊन इचारू.”

विचारणार कोणाला? जवळ जाऊन पाहिले, तर त्यातला प्रत्येक ‘क’ दुसऱ्या ‘क’सारखा हुबेहूब. माणसाच्या हातून असे कधी होत नाही.

हस्ताक्षर दिसले की वाचणाऱ्याला वाटते, यामागे कोणी माणूस आहे आणि तो आपल्याशी बोलतो आहे. म्हणून माझी मागणी ऐका. मागणी केल्यावाचून मला भाषण संपवता येत नाही. आमंत्रण खुशाल हस्ताक्षरी फॉन्टात छापा. पण ज्या कागदावर कोणाची भाकरी ठरते, तो सरळ, स्वच्छ अक्षरात छापा, आणि त्याच्या तळाशी एका जित्या माणसाची खरी सही असू द्या.