नाचणीची भाकरी आणि आफ्रिकेचा विसर

(मावळातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आफ्रिकेच्या प्राचीन संस्कृतीचा विषय निघाला की सुशिक्षित माणूस पिरॅमिडांपाशी थांबतो, आणि इजिप्त हा देश आफ्रिकेत आहे हेही पुष्कळदा विसरतो. उरलेल्या खंडाला जणू इतिहासच नाही, असे गोऱ्या सत्ताधीशांनी शिकविले आणि आपल्या शाळांनी ते निमूटपणे पाठ केले. मावळातल्या कार्यकर्त्याने हा विषय पुस्तकाऐवजी शेताच्या बांधावरून सुरू करावा.

इंद्रायणी आणि पवनेच्या खोऱ्यांत खाचरांत भात होतो, तर वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. यांपैकी वरई इथली. नाचणी मात्र इथिओपियापासून युगांडापर्यंतच्या डोंगराळ मुलखात तिथल्या शेतकऱ्यांनी रानगवतातून घडविली. देशावरची ज्वारी पूर्व सुदानची, बाजरी पश्चिम आफ्रिकेची, आणि चवळीही त्याच खंडाची. ही धान्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून समुद्र ओलांडून भारतात येत राहिली. महाराष्ट्रातील कष्टकऱ्याच्या ताटातली नाचणी, ज्वारी वा बाजरीची भाकरी मुळात आफ्रिकन शेतकऱ्याच्या बुद्धीची कमाई आहे.

‘बुद्धीची’ हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. रानटी ज्वारीचे दाणे पिकताच गळून जमिनीवर विखुरतात, कारण गवताला त्याखेरीज पसरता येत नाही. जे कणीस दाणे धरून ठेवते ते निसर्गाच्या दृष्टीने सदोष, परंतु माणसाच्या उपयोगाचे. अशी कणसे हेरून त्यांचेच बी पुन्हा पेरायचे, हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालला तेव्हा कुठे पीक तयार झाले. सुदानमधील कसाला शहराजवळ याचा पुरावा अगदी घरगुती रूपात मिळाला. तिथल्या कुंभारणीने किंवा कुंभाराने मातीत मळलेल्या भुशाचे ठसे खापरांवर उमटून राहिले होते. त्यांच्या अभ्यासातून, इसवी सनापूर्वी ३००० वर्षांच्याही आधी तिथे ज्वारी माणसाळत होती, हे २०१७ साली प्रसिद्ध झाले. या शोधाचा जनक म्हणून कोणा राजाचे नाव सांगता येत नाही, आणि त्यात काही उणेही नाही.

पुढे त्याच भागाच्या पश्चिमेस, नाईलच्या काठी, कुश राज्याची मेरोए ही राजधानी उभी राहिली. तिथे लोखंड गाळण्याचा एवढा मोठा उद्योग होता की मळीचे ढिगारे आजही उभे आहेत. त्या लोकांची स्वतःची लिपी होती. तिची अक्षरे वाचता येतात, भाषेचा अर्थ मात्र अजून पुरता उलगडलेला नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस कुशच्या सैन्याने रोमन सरहद्दीवर चढाई केली. सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्याचे काशाचे मस्तक तोडून आणले गेले आणि मेरोएतील एका मंदिराच्या पायरीखाली पुरले गेले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने ते तुडवावे! १९१० साली ते उत्खननात सापडले आणि रिवाजाप्रमाणे ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. त्याच राज्यातील जेबेल केली येथील खडकावर एक देव राजाला ज्वारीची कणसे देत असल्याचे शिल्प कोरलेले आहे.

त्याच सुमारास लोणावळ्याशेजारी कार्ल्याचे चैत्यगृह कोरले जात होते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून घाट चढून देशावर येणारी व्यापारी वाट याच भागातून जाई. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ही दोन्ही बंदरे आहेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरियाके प्रदेशातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड आफ्रिकेतील अदुलिस बंदरात जात असे, हीही नोंद त्यात आहे. अदुलिस हे अक्सुम राज्याचे बंदर. या राज्याने तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःची सोन्याची नाणी पाडली. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय मिरी आणि सागवान सापडले आहे. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. यवन म्हणजे आफ्रिकन नव्हे. तेवढी ओढाताण करण्याचे कारणही नाही. दोन्ही किनारे एकाच व्यवहारात गुंतले होते, एवढे पुरे आहे. त्याच लेण्यात एका सुतारानेही दार घडविल्याचा लेख कोरलेला आहे, हे आवर्जून पाहावे.

कर्तृत्व हिरावून घेण्याची रीत मात्र जुनी आहे. दक्षिण आफ्रिका खंडभागातील ग्रेट झिंबाब्वेच्या दगडी भिंती चुन्याशिवाय रचलेल्या आहेत. त्या आफ्रिकनांनीच बांधल्या हे १९०५ साली रँडल-मॅकायव्हर यांनी आणि १९२९ साली गर्ट्रूड केटन-थॉम्सन यांनी दाखवून दिले. तरीही ऱ्होडेशियाचे गोरे सरकार ते मान्य करायला तयार नव्हते. पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० साली देश सोडावा लागला. काळ्या माणसाने भिंत बांधली हे कबूल केले, तर त्याची जमीन बळकावण्याचे समर्थन कसे करणार? स्वातंत्र्यानंतर १९८० साली देशानेच त्या भिंतींचे नाव घेतले.

आपल्याकडे अशी बंदी कोणी घातली नाही. आपण नुसते विसरतो. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, नाचणी-ज्वारीला ‘श्रीअन्न’ हे भारदस्त नाव मिळाले आणि प्राचीन भारतीय वारसा म्हणून त्यांची थोरवी गायिली गेली. त्या गौरवात आफ्रिकेचा उल्लेख क्वचितच झाला. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्याला रंग पाहून खोली नाकारणारा घरमालक त्याच रात्री ज्वारीची भाकरी मोडतो. आणि मावळात, ज्या वरकस जमिनीने गरिबाला नाचणी दिली, तिचे तुकडे बंगल्यांच्या कुंपणात जात आहेत. नाचणी शहराच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यात शिरली. तिचे बी राखणारी म्हातारी मात्र अजून कणगीतले दाणे वाळवीत बसलेली आहे. कोणत्या गावात कोणते वाण उरले आहे, हे येत्या सुगीत तिला विचारून टिपून ठेवण्याचे काम शाखांनी हाती घ्यावे.