स्त्रियांमधील मूत्रावरोध

लघवी अडण्याचा विकार म्हटला की तो पुरुषांचा, आणि तोही उतारवयातला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे वडीलधाऱ्या पुरुषांना होणारा त्रास घरोघर ठाऊक असतो. स्त्रीला ही ग्रंथी नाही. तिचा मूत्रमार्गही जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा. तेव्हा तेथे अडथळा कसला यावयाचा, असे मानले जाते. वस्तुतः हा विकार स्त्रियांत तुलनेने कमी आढळतो, एवढेच खरे. आणि त्याची शंकाच कोणास येत नसल्याने तो कित्येकदा वर्षानुवर्षे ओळखलाही जात नाही.

इंदूरला १९७८ सालापासून नर्मदेचे पाणी मिळते. जलूदहून ते पंपांच्या बळावर माळव्याच्या पठारावर चढविले जाते. अशा वाहिनीची झडप अर्धवट मिटली, तर पुढे पाणी कमी जाते आणि मागे पंपावर ताण पडतो. मूत्राशयाचेही तसेच आहे. वाट अडली की त्याचा स्नायू प्रथम अधिक जोर करून जाड होतो. पुढे तो थकून सैल पडतो. थोडे मूत्र आतच उरते. त्या साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात, खडे धरतात. आणि दाब वर पोहोचला म्हणजे मूत्रपिंडे फुगून हळूहळू निकामी होऊ लागतात.

अडथळ्याची कारणे अनेक आहेत. बाळंतपणांनंतर किंवा उतारवयात अंग बाहेर येते, तेव्हा मूत्राशय खाली ओघळून मूत्रमार्गास मुरड पडते. खोकताना लघवी सुटू नये म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेतील पट्टी कधी अधिक घट्ट बसते. मूत्रमार्ग आकुंचित होणे, त्यात खडा अडकणे, गर्भाशयातील मोठ्या गाठीचा दाब, ही आणखी काही कारणे. गरोदरपणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागे कललेले गर्भाशय कटिभागात अडकून लघवी एकाएकी बंद झाल्याचीही उदाहरणे आहेत. काही स्त्रियांत रचना निर्दोष असते; पण लघवीच्या वेळी जे स्नायू सैल पडावयाचे, तेच आवळले जातात. प्रवासात व बाजारात लघवी तासन्‌तास दाबून धरणे, घाणीच्या भीतीने अर्धवट उकिडवे राहून ती उरकणे, या सवयी अशा स्नायूंस मुळीच हितावह नाहीत.

घरी या साऱ्यास ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. धने-जिऱ्याचे पाणी होते, जंतुनाशक गोळ्या होतात, चार दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात पुन्हा जळजळ सुरू होते. लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार बारीक असणे, कुंथावे लागणे, पुन्हा लगेच जावेसे वाटणे, ही लक्षणे लाजेस्तव सांगितलीच जात नाहीत. मूत्राशय तुडुंब भरून थेंब थेंब गळू लागले, तरी तो वयाचा अशक्तपणा समजला जातो.

तपासणी मात्र अवघड नाही. लघवी करून आल्याबरोबर केलेल्या सोनोग्राफीने आत किती मूत्र उरले ते कळते. धारेचा वेग यंत्रावर मोजता येतो. गरज पडल्यास मूत्राशयातील दाब मोजतात व दुर्बिणीने पाहतात. उपचार कारणाप्रमाणे ठरतो: उतरलेल्या अंगास आधार देणारे कडे किंवा शस्त्रक्रिया, घट्ट पट्टी सैल करणे, औषधे, स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण. स्नायू अगदीच थकला असेल, तर ठराविक वेळी स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यास शिकविले जाते. लघवी पूर्ण बंद झाली, किंवा थंडी वाजून ताप व कुशीत कळ आली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

२०१७ पासून देशातील स्वच्छ शहरांत इंदूर अग्रभागी राहिले आहे. जो विषय पूर्वी उघडपणे निघत नसे, तो शौचालयाचा प्रश्न येथे चव्हाट्यावर बोलला गेला, हेही त्यामागील एक कारण होय. तीच मोकळीक घरातील स्त्रीच्या दुखण्यासही मिळावी. वरचेवर उन्हाळी लागणाऱ्या स्त्रीस सासूने, लेकीने आणि डॉक्टरांनीही गोळीआधी एक प्रश्न विचारावा: लघवी पुरती होते काय? वेळीच मिळालेल्या या उत्तरावर कित्येकींची मूत्रपिंडे वाचू शकतात.