कच्ची आवृत्ती आणि वऱ्हाडातला सर्व्हर

(मूर्तिजापूर येथील हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या गावात व्याख्यानाला संत चालतात, कापूस चालतो, आणि शकुंतला रेल्वे तर बंद पडली तरी व्याख्यानातून धावतेच. यंदा पत्रिकेवर ‘घरच्या सर्व्हरची कच्ची आवृत्ती’ असं छापून आलं, तेव्हा मला रस्त्यात थांबवून लोकांनी विचारलं, हे काय काढलं बाप्पा? सर्व्हर म्हणजे बँकेत नेहमी डाऊन असतो तोच ना? तोच. फक्त हा आपल्या घरात, टीव्हीच्या मागं नाहीतर कपाटावर ठेवलेला असतो, आणि डाऊन झाला की खिडकीपलीकडच्या बाईवर ओरडायची सोय नसते.

तो घरात आला कशाला, ते आधी सांगतो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने फुकटातली अमर्याद साठवण बंद केली. त्यानंतर मेल, फोटो, कागदपत्रं सगळं मिळून १५ जीबी. वर गेलात की पैसे मोजा. १५ जीबीत आपल्याकडचं एक लग्नही मावत नाही. शिवाय सातबाऱ्याचे स्कॅन, वडिलांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी, शकुंतलेच्या डब्यातून काढलेले फोटो, गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण. हे सगळं एका जागी, आपल्या ताब्यात असावं म्हणून काही घरांत जुना डेस्कटॉप किंवा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा संगणक चोवीस तास चालू राहू लागला. त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, घरातले दिवे नि मोटर बघायला होम असिस्टंट. तिन्ही फुकट, तिन्हींचा कोड जगाला उघडा.

हे प्रोग्राम सतत बदलत असतात. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी येते आणि तिची बीटा, म्हणजे कच्ची आवृत्ती, साधारण आठवडाभर आधी. तेवढ्या आठवड्यात जगभरातल्या हौशी लोकांनी ती लावायची आणि काय मोडलं ते कळवायचं. इमिच २०२२ मध्ये सुरू झालं, आणि कित्येक वर्षं त्याच्या पानावर ठळक इशारा होता की तुमच्या फोटोंची एकमेव प्रत आमच्याकडं ठेवू नका. त्याची पहिली स्थिर म्हणवणारी आवृत्ती, २.०, आली १ ऑक्टोबर २०२५ ला. इतकी वर्षं ज्यांनी ते वापरलं, ते सगळे एका अर्थी परीक्षकच.

आता परीक्षा कशी करायची, हे वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. सोयाबीनचं घरचं बियाणं असलं की कृषी विभाग दर उन्हाळ्यात सांगतो: शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, कोंब मोजा, सत्तरच्या वर उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरा. त्यात दोन गोष्टी आहेत. ते शंभर दाणे गेले तरी चालणार असतात. आणि शेवटी मोजणी असते. ‘बरं वाटतंय’ यावर कोणी पेरत नाही. घरच्या एकुलत्या एक सर्व्हरवर रात्री अकरा वाजता बीटा लावणारे बहाद्दर ना दाणे वेगळे काढतात, ना मोजतात.

वेगळे दाणे म्हणजे इथं काय? दुसरं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर त्याच यंत्रात आभासी यंत्र काढा आणि त्यात आपल्या डेटाची प्रत टाका. मूळ नको, प्रत. याचं कारण बरेच जण उशिरा समजून घेतात. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती बऱ्याचदा डेटाबेसची रचना बदलते. प्रोग्राम मागं नेता येतो. बदललेला डेटाबेस मागं येत नाही. जुना प्रोग्राम तो उघडायला जातो आणि ओळखच देत नाही. नेक्स्टक्लाउडवाले तर स्वच्छ सांगतात की खालच्या आवृत्तीवर परतणं आमच्याकडं नाही, आणि मोठ्या आवृत्त्यांमधली एखादी गाळून पुढं उडी मारणंही नाही. म्हणजे परतीची एकच वाट, बीटा लावण्याआधी घेतलेला बॅकअप. आणि बॅकअप घेतला एवढ्यानं भागत नाही, तो दुसरीकडं उघडून बघायचा. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला, आणि मग लक्षात आलं की बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड चालत नव्हती. वाचवलं कशानं? सहा तास आधी चाचणीच्या यंत्रावर टाकायला म्हणून हातानं घेतलेल्या एका प्रतीनं. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या, बाकी वाचलं.

प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणारं डॉकर जे वापरतात, त्यांच्यासाठी जाता जाता एक गोष्ट. आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ असं लिहून ठेवू नका, आकडा लिहा. नाहीतर कधी काय बदललं याचा पत्ता लागत नाही, आणि मोडल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

आता मोडल्यावर काय करायचं. इथं जरा रेंगाळतो, कारण इथंच माणसं घाई करतात. माझ्या ओळखीचे एक फोटोग्राफर आहेत. लग्नसराई संपत आलेली, मे महिना, ऊन पंचेचाळिशीच्या घरात. त्यांनी रास्पबेरी पायवर फोटोंच्या प्रोग्रामची कच्ची आवृत्ती लावली, वीस मिनिटांत यंत्र बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद, वर डेटाबेस खराब झाल्याचा संदेश. त्यांचा निकाल तयार होता: नवी आवृत्ती बेकार. दिसायलाही तसंच होतं, कारण जुनी महिनोन्‌महिने चालली होती.

पायला एक आज्ञा दिली की तो स्वतःच्या तब्येतीचा एक आकडा सांगतो. शून्य आलं तर सगळं ठीक. त्यांच्याकडं आला पाच आणि त्यापुढं चार शून्यं. त्याचा अर्थ, यंत्र सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं आहे आणि प्रोसेसरला वेग आवरावा लागला आहे. पायला पाच व्होल्ट लागतात. ते साधारण ४.६३ च्या खाली उतरले की तो नोंद करतो. तापमान ८० अंशांना टेकलं की तो आपणहून मंदावतो. बघितलं तर पायला वीज मिळत होती मोबाइलच्या जुन्या चार्जरमधून, लांब बारीक केबलनं, आणि त्याच पायच्या जिवावर बाहेरची हार्ड डिस्क. शेजारी कूलर, त्याची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइटसुद्धा डोळा मिचकावायची.

मग महिनोन्‌महिने चाललं कसं? कारण तोवर यंत्राला काम नव्हतं. नव्या आवृत्तीनं सुरू होताच सगळ्या फोटोंच्या छोट्या प्रती नव्यानं काढायला घेतल्या. प्रोसेसर पूर्ण जोरात, डिस्क अखंड फिरती, वीज अपुरी. डिस्कचा संपर्क तुटला आणि लिहिता लिहिता डेटाबेस अर्धवट राहिला. याचा पुरावा कसा काढला? बॅकअपवरून जुनी आवृत्ती परत बसवली आणि तिलाही तेच काम दिलं, सगळ्या छोट्या प्रती पुन्हा काढ. तीही पडली. मग फक्त अडॅप्टर बदलला, बाकी कशाला हात लावला नाही. काम पूर्ण झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अडॅप्टर, केबल आणि आवृत्ती एकदम बदलली असती तर यंत्र चाललं असतं, कळलं मात्र काही नसतं.

लाइन गेली की यंत्र नीट बंद झालं, हेही ओळखता येतं. आधीच्या खेपेचं लॉग, म्हणजे यंत्रानं स्वतः ठेवलेली नोंद, उघडायचं. नीट बंद झालेल्या यंत्राच्या लॉगमध्ये शेवटी आवराआवरीच्या ओळी असतात. लाइन गेलेल्याचं लॉग वाक्यात तुटावं तसं तुटलेलं असतं. मात्र लॉग डिस्कवर साठवायची सोय आधीच करून ठेवावी लागते, नाहीतर तेही लाइनीबरोबर जातं.

नव्यावर संशय आणि चोर जुना, असं मोठमोठ्यांच्या बाबतीतही घडतं. ओपनझेडएफएस ही सर्व्हरवर फायली साठवायची फार भरवशाची पद्धत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची २.२ आवृत्ती आली. नोव्हेंबरात काहींना दिसलं, की कॉपी केलेल्या फायलींत मधेमधे नुसती शून्यं भरली आहेत. २.२ मध्ये ‘ब्लॉक क्लोनिंग’ नावाची नवी करामत होती, सगळी बोटं तिच्याकडं वळली, आणि २.२.१ मध्ये ती बंद केली गेली. तरी प्रकार चालूच. शेवटी निघालं असं, की दोष कित्येक वर्षं जुन्या कोडमध्ये होता. काही घटकांचा वेळ अगदी जुळून आला तरच तो दिसायचा, आणि नव्या करामतीनं तो जुळून यायचा संभव वाढवला होता. खरी दुरुस्ती महिन्याच्या शेवटी एकदम दोन आवृत्त्यांत आली, नव्या २.२.२ मध्ये आणि जुन्या मालिकेतल्या २.१.१४ मध्ये. जे लोक ‘आम्ही जुन्यावर आहोत, आम्हाला काय त्याचं’ म्हणून बसले होते, त्यांच्याही घरात तो होताच.

म्हणून दोष सापडल्यावर तो कळवायचा, आणि कळवायचं कसं याला मी शोधण्याइतकंच महत्त्व देतो. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती बाहेर काढली. अपडेट झालं आणि काहींचे डॉक्युमेंट्स, फोटो गायब. ज्यांनी आपला डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता पण जुन्या जागीही काही फायली ठेवल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा अपडेटनं मोकळी आणि निरुपयोगी समजून पुसली. चार दिवसांत वितरण थांबवावं लागलं. आवृत्ती पुन्हा आली १३ नोव्हेंबरला. बोचणारी गोष्ट पुढंच आहे. कच्च्या आवृत्तीच्या परीक्षकांपैकी काहींनी हे आधीच कळवलं होतं! पण तिथं तक्रारी मतांच्या संख्येवर वर चढत. हा दोष थोड्यांनाच आलेला, त्यामुळं मतं थोडी, आणि तक्रार ढिगाखाली. नंतर कंपनीनं ‘याचा परिणाम किती गंभीर’ हे सांगायची सोय त्यात घातली. माझं मत विचाराल तर दोष मोजणाऱ्यांचाच होता. ज्याचं घर जळालं त्याच्या एका मताचं वजन बटणाचा रंग न आवडलेल्या हजारांएवढं धरायचं नाही, मग परीक्षक नेमायचे तरी कशाला?

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेत नि जर्मनीत बसलेले लोक बघून घेतील. मूर्तिजापूरच्या माणसानं का पडावं यात? कारण आपल्याकडं जे आहे ते त्यांच्याकडं नाही. त्यांच्या खोलीत पंचेचाळीस अंश नसतात. त्यांची लाइन दुपारी तीनदा जात नाही. आणि त्यांना ‘वऱ्हाड’ लिहावं लागत नाही.

हसू नका, खरं सांगतो. फोल्डरला ‘वऱ्हाड’ नाव द्यायचं तर त्यातला ऱ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. एक, ऱ हा अख्खा एकच संकेत. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन संकेत. ॲपलच्या मॅकची जुनी फाइल-व्यवस्था नाव असं फोडूनच ठेवायची. तीन, र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी, अशा सर्व्हरवर बहुधा असणाऱ्या लिनक्सला मात्र ते तीन वेगळे फोल्डर. मुलानं मॅकवरून चढवलेले फोटो एकात, मुलीनं फोनवरून चढवलेले दुसऱ्यात, आणि शोधपट्टीत टाइप करावं तर तिसरंच. पहिल्या दोन तऱ्हांचा घोळ जर्मन माणसालाही ठाऊक आहे, कारण त्याच्या दोन टिंबांच्या अक्षराचंही तसंच होतं. युनिकोड, म्हणजे अक्षरांना संकेत देणारा जागतिक नियम, त्या दोघांना समान मानतो आणि बरेच प्रोग्राम ते सांभाळून घेतात. तिसरी तऱ्हा युनिकोडच्या लेखी वेगळीच राहते. ती मराठी-नेपाळी लोकांनी दाखवून दिल्याशिवाय त्या प्रोग्रामरला दिसणार कुठून?

नावाच्या लांबीचंही तेच. लिनक्सवर फाइलीचं नाव बहुधा २५५ बाइटांत बसावं लागतं. इंग्रजीत ती २५५ अक्षरं झाली. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळी धरून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. आपल्याकडं निमंत्रणपत्रिकेचा पूर्ण मजकूर फाइलीच्या नावात घालायची रीत आहे, तेव्हा हा दोष इथं दुपारच्या चहाआधी सापडेल.

तर असं काही दिसलं की तोडक्यामोडक्या इंग्रजीत का होईना, लिहून पाठवा. आवृत्तीचा नेमका आकडा, कुठल्या यंत्रावर, क्रमानं काय काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, दर वेळी होतं की अधूनमधून, आधीच्या आवृत्तीवर करून पाहिलं का. लॉगचा फोटो नको, मजकूर चिकटवा, आणि त्यातले पासवर्ड आधी काढा. ‘नॉट वर्किंग, प्लीज हेल्प’ एवढंच लिहिलं तर तिकडचा माणूस काही करू शकत नाही. तोही बहुधा संध्याकाळी घरी येऊन हे फुकटात करणारा असतो.

माझ्याकडं तिन्ही तऱ्हांनी नाव घातलेले ‘वऱ्हाड’चे तीन फोल्डर आहेत, प्रत्येकात एकेक फोटो. झिप करून पेनड्राइव्हवर आणले आहेत. आपापल्या सर्व्हरच्या चाचणीच्या प्रतीवर ते चढवून बघा: तीन दिसतात, दोन दिसतात की एक, आणि एकच दिसला तर बाकीचे दोन फोटो गेले कुठं. ज्यांना हवे त्यांनी लॅपटॉपवर उतरवून घ्या. पेनड्राइव्ह तेवढा परत करा.