मेण वितळतं आणि मेण पेटतंही

दिवाळी जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातले बचत गट मेणबत्त्या करायला घेतात. म्हणून आज आपण उष्णतेविषयी बोलू.

उष्णतेने दोन तऱ्हेचे बदल होतात. खोबरेल तेल थंडीत गोठतं, उन्हात पुन्हा पातळ होतं. तेल तेच राहतं. हा भौतिक बदल. जांभळाचा गर उन्हाळ्यात बाहेर राहिला तर आंबतो, आणि आंबलेला गर पुन्हा ताजा होत नाही. हा रासायनिक बदल. उष्णता वाढली की तो लवकर होतो, फ्रीजरमध्ये जवळजवळ थांबतो.

अंबरनाथला 1923 साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना होता. काडी घासली की घर्षणाने उष्णता तयार होते, पेटीच्या कडेचा फॉस्फरस पेटतो आणि काडीचा गुल भडकतो. जळलेल्या काडीची पुन्हा काडी होत नाही.

मेणाचं मात्र दोन्ही होतं. मेणबत्तीचं मेण साधारण 50 ते 65 अंशांना वितळतं, निवलं की घट्ट होतं. पण ते तापतच राहिलं आणि 200 अंशांच्या पुढे गेलं, तर त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या आणि त्यात ते ठेवा. उकळतं पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही, त्यामुळे मेणही तापत नाही. फक्त पाणी आटू देऊ नका.

तरीही मेण पेटलंच, तर त्यावर पाणी अजिबात ओतू नका. पाणी मेणाखाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे 1,700 लिटर वाफ! ती पेटतं मेण अंगावर उडवते. गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवून भांडं झाका, पूर्ण निवेपर्यंत उघडू नका. पेटलेलं भांडं उचलून पळू नका.

हाताला भाजलं तर 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. चिकटलेलं मेण ओरबाडू नका, टूथपेस्ट लावू नका, दवाखान्यात जा.

तेव्हा मैत्रिणींनो, मेण चुलीवर चढवण्याआधी त्या भांड्यावर नीट बसेल असं झाकण हाताशी ठेवा. कामाला बसणाऱ्या प्रत्येकीला ते कुठे आहे हे माहीत हवं.