यंत्राला ‘व्यक्ती’ म्हणावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात दिलेले व्याख्यान)



बुद्धिमान यंत्राला व्यक्ती म्हणावे काय, असा विषय कार्यकारिणीने मला दिला, तेव्हा आपल्यापैकी काहीजणी गालातल्या गालात हसल्या. गहू निवडणाऱ्या, मुलांचे डबे भरणाऱ्या आपण बायका. आपल्याला या पंडिती वादाशी काय कर्तव्य? पण हा वाद आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. आपल्या शीळफाट्यावरून कल्याण, मुंब्रा, पनवेल आणि महापे अशा वाटा फुटतात. महाप्याच्या वाटेने डोंगर उतरून गेले की औद्योगिक वसाहतीत संगणकांची मोठमोठी कोठारे आहेत. मोबाईलमधून आपल्याशी गोड बोलणाऱ्या यंत्राचे शरीर शोधायचे, तर ते असल्या कोठारांतच सापडेल. तिथे ते रात्रंदिवस वीज खाते आणि त्याला सतत गार ठेवावे लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आय. आय. टी.तील ‘टेकफेस्ट’ मेळाव्यात ‘सोफिया’ नावाची यंत्रबाई चक्क साडी नेसून आली आणि तिने सर्वांना नमस्ते केले. हाँगकाँगच्या एका कंपनीने ती घडविली आहे. त्याआधी दोनच महिने सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व दिल्याचे जाहीर केले होते. त्या घटकेस त्या देशातील हाडामांसाच्या स्त्रीला स्वतःची मोटार चालविण्याचीही मुभा नव्हती. ती जून २०१८ मध्ये मिळाली. यंत्राला मान आधी आणि बाईला परवाना मागाहून, असा हा प्रकार!

यावर कोणी म्हणेल की, यंत्र हुशार आहे, मग त्याला मान का देऊ नये? भगिनींनो, हुशारीवर माणूसपण मिळते काय, हे आपण बायकांच्याच इतिहासाला विचारू या.

कॉर्नेलिया सोराबजी या आपल्या नाशिकच्या. त्यांचा जन्म १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेस बसल्या. परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी हाती पडली ती तीस वर्षांनी! १९१६ मध्ये रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईंनी वकिलीची सनद मागितली. तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने निवाडा दिला की, वकिलांच्या कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्री येत नाही. १९२३ च्या कायद्याने तो अडसर निघाला. या बायकांत बुद्धीची उणीव होती काय? मुळीच नाही. दार अडविणाऱ्यांनी बुद्धी पाहिलीच नव्हती.

आता याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. १९२५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका घराण्यातील देवमूर्तीच्या खटल्यात सांगितले की, मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे. कंपनी हीसुद्धा कायद्याने व्यक्तीच. मग मूर्ती व्यक्ती आणि वकीलबाई मात्र नाही, हे कसे? याचे कारण असे की, कायद्यातील ‘व्यक्ती’ हा शब्द एखाद्या कामासाठी दिलेला असतो. देवाची जमीन कोणी परस्पर गिळू नये, म्हणून देव व्यक्ती. कंपनीवर दावा लावता यावा आणि तिच्याकडून वसुली करता यावी, म्हणून कंपनी व्यक्ती. तेव्हा यंत्राला हा शब्द देण्यापूर्वी आपण रोखठोक विचारावे की, यात हित कोणाचे?

याचे उत्तर २०२४ साली कॅनडातील एका निवाड्यात मिळाले. आजी वारल्यामुळे एका गृहस्थांना तातडीने विमानाने जायचे होते. ‘एअर कॅनडा’च्या उत्तर देणाऱ्या यंत्राने त्यांना सवलतीची चुकीची माहिती दिली. त्यांनी पैसे मागितले, तेव्हा कंपनीचा बचाव काय, तर ते यंत्र स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तेच जबाबदार! तिथल्या न्यायाधिकरणाने हा बचाव फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. समजा, तो बचाव मान्य झाला असता, तर दाद कोणाकडे मागायची? यंत्राला ना घर, ना दार, ना बँकेत खाते. नफा मालकाचा आणि पाप यंत्राचे, असला व्यवहार आपल्या बचतगटातील एकही बाई मान्य करणार नाही.

आता थोडे घरातले. माझ्या सासूबाईंची स्मृती शेवटची चार वर्षे पार गेली होती. त्या मला कधी ‘ताई’ म्हणत, तर कधी ‘कोण गं तू?’ म्हणून विचारीत. हिशेब, नावे, वार, सारे पुसले गेले होते. आजचे कोणतेही यंत्र त्यांच्याहून शंभरपट हुशार ठरले असते. पण दूध जास्त गरम लागले की त्या कळवळत, आणि अंगावर शाल घातली की माझा हात धरून ठेवीत. त्यांच्या माणूसपणात तसूभरही उणे आले नव्हते. हुशारी हेच माप धरले, तर यंत्र आत येईल आणि अशा सासूबाई, अशी तान्ही बाळे दाराबाहेर राहतील. मला खरे भय वाटते ते याचेच.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. ‘ही कधीच आपल्यांत बसणार नाही’, असे आपल्याबद्दल ज्यांनी ठासून सांगितले, त्यांच्या सुरात मी बोलणार नाही. उद्या एखाद्या यंत्राला खरोखर दुखते-खुपते असे सिद्ध झाले, तर आपण पुन्हा जमू आणि पुन्हा विचार करू. परंतु ‘मला दुःख होते’ असे यंत्र म्हणाले, एवढ्यावर विसंबता येणार नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाऊम यांनी ‘एलिझा’ नावाचे बोलके यंत्रकाम प्रसिद्ध केले. ते आपले वाक्यच फिरवून प्रश्न विचारी, एवढेच. पण त्यांची सेक्रेटरी, जिने ते घडताना पाहिले होते, तीच त्याच्याशी दोन शब्द बोलल्यावर त्यांना म्हणाली, ‘आपण जरा बाहेर जाता का?’ तिला आपले मन एकांतात मोकळे करायचे होते! यावरून यंत्राला मन असल्याचे ठरत नाही. ऐकणाऱ्याची भूक माणसाला किती असते, ते मात्र कळते.

म्हणून माझ्या दोनच विनंत्या आहेत. बँकेचे, दुकानाचे, दवाखान्याचे काम यंत्राने बिघडविले, तर ‘यंत्राने केले’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. जबाबदार माणसाचे नाव मागा. आणि आपल्या चाळीत, आपल्या इमारतीत ज्या म्हाताऱ्या बाईला बोलायला कोणी नसेल, तिच्याकडे आठवड्यातून एक दुपार जा. त्यासाठी आजच यादी करून पाळ्या लावाव्यात, असे मी मंडळाला सुचविते.