गटाचा नंबर गटाच्या खोलीत

मी नवी मुंबईतल्या तुर्भ्यातून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून वस्तीवस्तीत फिरते, बैठका लावते, वह्या तपासते. आज बोलायचंय फोनबद्दल. म्हणजे टॉवरची रेंज नसताना वायफायवरून लागणाऱ्या फोनबद्दल.

तुर्भे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका अंगाला एपीएमसीचं मोठं मार्केट आहे. कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला असे पाच बाजार तिथे भरतात. दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्याकडेचे एमआयडीसीचे कारखाने. या दोन्हींवर पोट असलेली माणसं मधल्या वस्त्यांत राहतात. कुणाचा नवरा माथाडी, कुणी कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला, बायका मिरच्यांची देठं काढायला, पॅकिंगला, घरकामाला. गाव साताऱ्याकडचं, नाहीतर मराठवाड्यातलं. शहर म्हटलं की तुम्हाला वाटेल तिथे फोनची काय अडचण! पण अडचण आहे. आमच्याकडे खोल्या एकाला एक चिकटून, वर पत्रा, बऱ्याच ठिकाणी भिंतीही पत्र्याच्या. पत्रा म्हणजे धातू. टॉवरकडून येणाऱ्या लहरी त्याच्यावर आपटून माघारी जातात. चारी बाजूंनी पत्रा असला की आपण डब्यात झाकण लावून बसल्यासारखंच. टॉवर दारासमोर दिसतो आणि फोनवर रेंजची एक काडीसुद्धा नसते. तुमच्याकडे हेच डोंगराच्या आडोशामुळे होतं, एवढाच फरक.

रेंज नाही म्हणजे नुसती गैरसोय असं समजू नका. आमच्या एका गटात लातूरकडची एक सून आहे. आईचा फोन आला की ती गल्लीत जाऊन उभी राहायची. बाजूला नळावरच्या बायका, समोर टपरीवरची पोरं, दारात सासूबाई. अशा ठिकाणी उभं राहून मुलगी आईला काय सांगणार? "बरी आहे, जेवले, ठेवते." वर्षभर आईला हेच ऐकू येत होतं. तिला आतल्या खोलीत, दार लोटून बोलायला मिळालं तेव्हा कुठे आईला कळलं की पोरीला दिवस गेलेत आणि तिला फार त्रास होतोय. आई दुसऱ्या आठवड्यात एसटीने येऊन दाखल झाली. म्हणून मी म्हणते, फोन कुठे उभं राहून घ्यावा लागतो हा आपला प्रश्न आहे, कंपनीवाल्यांचा एकट्यांचा नाही.

तिचं काम झालं ते वायफाय कॉलिंगमुळे. आता हे नीट ऐका, कारण इथे गल्लत होते. वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲप कॉल नव्हे. व्हॉट्सॲपवर बोलायचं तर दोन्हीकडे स्मार्टफोन हवा, दोन्हीकडे व्हॉट्सॲप हवं, दोन्हीकडे नेट हवं. वायफाय कॉलिंगमध्ये आपलं सिम तेच, नंबर तोच, नेहमीसारखा दहा आकडी नंबर लावायचा. फक्त आवाज टॉवरकडे जाण्याऐवजी घरातल्या वायफायच्या डब्यातून, इंटरनेटच्या वाटेने आपल्या कंपनीपर्यंत जातो. पुढे तो साध्या फोनसारखाच पोचतो. त्या सुनेच्या आईकडे बटणांचा साधा फोन आहे. तिला काहीच करावं लागलं नाही.

आपल्या देशात ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीपासून सुरू केली आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये देशभर. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, तुमच्या रिचार्जमध्येच ते धरलेलं असतं. गंमत अशी की इतकी वर्षं झाली तरी बैठकीत विचारलं तर वीसात दोघींना माहीत असतं. जाहिरात नव्या फोनची होते. हातातल्या फोनमध्ये काय दडलंय ते कुणी सांगत नाही.

करायचं काय? सेटिंग्जमध्ये जा. काही फोनमध्ये 'सिम कार्ड', काही फोनमध्ये 'कनेक्शन' असं लिहिलेलं असतं. तिथे वायफाय कॉलिंगचं बटण सापडेल, ते चालू करा. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगळं बघा. फोन फोरजीचा असायला हवा, आणि काही जुन्या फोनमध्ये ही सोय नसतेच, तिथे इलाज नाही. चालू झालं की नाही हे ओळखायची एक युक्ती सांगते. विमानाचं चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे टॉवरचा संबंध तुटला. मग फक्त वायफाय चालू करा आणि शेजारणीला फोन लावा. लागला, तर तो वायफायवरूनच गेला. मी प्रत्येक बैठकीत हे करून दाखवते. फोन लागला की बायका टाळ्या वाजवतात. नंतर विमानाचं बटण बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर घराबाहेर पडल्यावर फोन मुका.

एका मिनिटाच्या बोलण्याला साधारण एक एमबीच्या आसपास नेट जातं. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. तेव्हा तासभर बोललात तरी घाबरायचं कारण नाही. बोलता बोलता घराबाहेर आलात तर बाहेर फोरजी चांगलं असल्यास कॉल आपोआप टॉवरवर जातो, नसल्यास तुटतो. ज्यांची माणसं आखातात आहेत त्यांच्यासाठी एक सांगते. दुबईकडे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. तो तिथला नियम आहे. फोन बिघडला म्हणून दुकानदाराला पैसे देत बसू नका.

आता गटाच्या फोनकडे येते, कारण आज मुख्य तेच सांगायचंय.

आमच्याकडे मसाल्याचा एक गट आहे. मार्केट जवळ, मिरची चांगली मिळते, मार्च ते मे डंका थांबत नाही. पाकिटावर ऑर्डरचा नंबर छापलेला होता अध्यक्षताईंच्या मुलाचा. का, तर त्याच्याकडे चांगला फोन होता आणि घरात रेंज नाही म्हणून तो बाहेर असतो, फोन लागतो! मुलगा गुणाचा आहे, त्याला दोष नाही. पण ऐन सीझनला त्याला पुण्यात नोकरी लागली. तो कामावर असताना फोन घेईना, घेतला तर "आईला सांगतो" म्हणे आणि विसरे. गिऱ्हाईक दोनदा वाट बघतं, तिसऱ्यांदा दुसरीकडे जातं. हे एकाच गटाचं नाही. तुमच्या पाकिटावर, बॅनरवर, कार्डावर कोणाचा नंबर आहे ते आठवून बघा. नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा. घाम आपला आणि गिऱ्हाईक त्यांच्या खिशात.

त्या गटाने मग काय केलं, तर पॅकिंगच्या खोलीत फायबरचं कनेक्शन घेतलं. तुम्ही म्हणाल, मसाल्याला इंटरनेट कशाला? पण फायबरच्या बहुतेक प्लॅनबरोबर फोनचा नंबरही मिळतो, आमच्याकडे ०२२ ने सुरू होणारा. त्या डब्याच्या मागे फोनची वायर खोचायची जागा असते, तिथे साधा टेलिफोन लावला की झालं. काही कंपन्यांचं ॲपही असतं. ते टाकलं की वायफायवर असलेला स्मार्टफोनच त्या नंबरचा हँडसेट होतो. गटातल्या एकीच्या घरी काच तडकलेला फोन पडून होता, तोच आता तिथे खिळ्याला टांगलेला असतो. पहिल्यांदा सुरू करताना ओटीपी येतो तो कनेक्शनला जोडलेल्या मोबाईलवर, तो मोबाईल जवळ ठेवा. वायफायचा खास हँडसेट म्हणून वेगळं यंत्रही विकत मिळतं, मोठ्या हॉस्पिटलांत, हॉटेलांत वापरतात. आपल्याला त्याची गरज नाही, कुणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा.

खर्च? ३९९ रुपयांच्या आसपासचा प्लॅन धरला तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपये. दहा जणींत वाटले तर दर महिना प्रत्येकीला ४७. आणि त्याच वायफायवर खोलीत आलेल्या सगळ्या जणींचं वायफाय कॉलिंग चालतं. प्लॅन घेताना फोनची सोय त्यात आहे ना, हे तोंडी नको, कागदावर बघून घ्या.

पण भानगडी आहेत, त्या लपवत नाही. पहिली विजेची. जुना तांब्याच्या तारेचा फोन वीज गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेतून यायची. फायबर म्हणजे काचेची तार, तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. घरची लाईट गेली की डबा बंद, वायफाय बंद, फोन बंद. डब्यापुरती छोटी बॅटरी मिळते, जिथे लोडशेडिंग आहे तिथे ती घ्याच. दुसरी भानगड बँकेची. लँडलाइनवर ओटीपीचा मेसेज येत नाही. म्हणून बँकेच्या खात्याला मोबाईल नंबर लागतोच, आणि तो सही करणाऱ्या बाईचा स्वतःचा, तिच्या स्वतःच्या हातातल्या फोनमधला असू द्या.

तिसरी भानगड आपल्यातलीच. कनेक्शन कोणाच्या तरी एकीच्या आधारवर निघतं. उद्या ती गट सोडून गेली तर? म्हणून ठराव लिहा: कनेक्शन अमुक ताईंच्या नावावर, बिल गटाचं, नंबर गटाचा, ताईंनी गट सोडल्यास नाव बदलून द्यायचं. खाली सगळ्यांच्या सह्या. वायफायचा पासवर्ड डब्यावर छापलेला असतो तो बदला आणि नवा भिंतीवर चिकटवू नका, नाहीतर आख्ख्या गल्लीतली पोरं तुमच्या ४७ रुपयांवर क्रिकेट बघतील. फोनजवळ वही बांधून ठेवा. ज्या दिवशी जी पॅकिंगला असेल तिने फोन घ्यायचा आणि वहीत लिहायचं, नाव, माल, किती किलो, कधी हवा. त्या गटातल्या एका काकूंना लिहिता येत नाही, त्या मिरचीचं आणि धण्याचं चित्र काढून पुढे रेघा मारतात. चालतंय की.

डब्याची जागाही बघून ठेवा. पत्रा जसा टॉवरला अडवतो तसाच वायफायलाही अडवतो. लोखंडी कपाटामागे, टीव्हीमागे डबा ठेवू नका. उंचावर, मोकळा ठेवा. मसाल्याच्या खोलीत धूळ बसते, वरचेवर पुसा.

इंटरनेटवरून फोन करणं जसं आपल्याला सोपं झालं तसं चोरट्यांनाही झालंय. कुठूनही बसून फोन करायचा आणि आपल्याकडे भलताच नंबर दिसेल असं करायचं, हे होतं. पोलिसाच्या कपड्यात व्हिडिओ कॉल करून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणारे त्यातलेच. असली अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि अडीअडचणीला ११२ लावाल तेव्हा पत्ता तोंडाने सांगा. वायफायवरचा फोन नेमका कुठल्या गल्लीतून आलाय हे समोरच्याला कळेलच असं नाही. गाव, वाडी, जवळची शाळा नाहीतर देऊळ, घराची खूण. आमच्या गटाने हा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर लावलाय, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा नंबरसुद्धा आठवत नाही.