कागद वाट पाहत नाहीत

श्रोतेहो, ‘प्रयत्नांती परमेश्वर’ हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असते. मी शिक्षक होतो, त्यामुळे मुलांकडून ते किती वेळा लिहून घेतले याची मोजदादच नाही. पण फळ्यावरचे अक्षर संध्याकाळी पुसले जाते. मनातला निश्चयही तसाच पुसला जातो, हे मला फार उशिरा कळले. आज माझ्याच एका अर्धवट राहिलेल्या कामाची गोष्ट सांगतो.

आमचे वरणगाव भुसावळच्या पूर्वेला, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर. बाहेर गावाची ओळख दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे. पण माझ्या लहानपणी पहाटे जाग यायची ती आजीच्या जात्याच्या घरघरीने आणि तिच्या ओव्यांनी. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पडली आणि ओव्या म्हाताऱ्यांच्या मनातच राहिल्या. त्या लिहून घ्यायच्या असे मी ठरवले. दोनशे पानी वही आणली. सुरुवातीच्या दोन महिन्यांत दर रविवारी घरोघर गेलो. अकरा आजीबाईंनी ओव्या सांगितल्या. मग परीक्षा आल्या. त्यानंतर घराचे बांधकाम निघाले, मग मुलीचे लग्न. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणता म्हणता वही माळ्यावर गेली.

सात वर्षांनी ती खाली काढली. अकरांपैकी चारच हयात होत्या. पहिल्या भेटीत जिने चाळीस ओव्या एका बैठकीत म्हटल्या होत्या आणि ‘अजून लई हायेत, पुन्हा ये’ असे बजावले होते, ती आता अंथरुणाला खिळलेली होती. माझा हात धरून म्हणाली, “तव्हा का नही आला रे भाऊ?” मला उत्तर देता आले नाही.

त्याच सुमारास एका कामासाठी धुळ्याला जाणे झाले. हाताशी दोन तास होते, म्हणून राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव पुस्तकात वाचले होते. पण ज्या माणसाने जन्मभर कागद गोळा केले, त्याचा शेवटचा मुक्काम आपल्या खानदेशात होता, हे तिथे उभे राहिल्यावर मनाला भिडले.

राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. पत्नी तरुणपणीच गेली, पुन्हा लग्न केले नाही. मराठ्यांचा इतिहास आपल्याच कागदपत्रांवरून लिहिला गेला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. ते कागद कुठे होते? जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि पेट्यांत. काहींना वाळवी लागलेली, काही पावसाने भिजलेले. मोडी वाचणारे कमी होत चाललेले. शिवाय घरमालकांच्या मनात धास्ती असे. कागद बाहेर गेले तर वतनाची, जमिनीची भानगड उभी राहील, म्हणून कित्येक जण दप्तर दाखवायलाच तयार नसत. राजवाडे उन्हातान्हात गावोगाव हिंडले, अनेकदा पायी. नकार मिळाला तरी पुन्हा त्या दारी गेले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या, म्हणजे पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. अशा खंडांची संख्या पुढे बावीसवर गेली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

ते स्वभावाने गोड होते असे कोणी म्हणणार नाही. मतभेद झाले की फटकून वागत. पुण्याच्या मंडळापासूनही ते पुढे दूर झाले. पण माणसांशी बिनसले म्हणून त्यांनी काम सोडले नाही. आपले उलट असते. कोणी एक शब्द बोलले की आपण कामावरच रुसतो.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. काम तेव्हाही पुरे झालेले नव्हते. पण धुळ्याच्या मंडळींनी शोकसभा घेऊन विषय संपवला नाही. १९२७ च्या जानेवारीतच त्यांच्या नावाने मंडळ स्थापन केले. त्यांनी मागे ठेवलेला मराठी धातुकोश या मंडळाने पुढे प्रसिद्ध केला.

मंडळाच्या पायऱ्या उतरताना माझी चूक मला दिसली. मी चिकाटीचा विचार नेहमी स्वतःपुरता करत आलो होतो. माझी सवड, माझा उत्साह, माझी वही. राजवाड्यांची नजर कागदावर होती. वाळवी सुट्टी घेत नाही, हे त्यांना ठाऊक होते. बहिणाबाई चौधरींचेच पाहा ना. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसबंधू पीतांबर चौधरी यांनी ती गाणी वेळीच उतरवून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे त्या दोघांनी म्हटले असते, तर आपल्या हाती काय राहिले असते?

गावी परतलो आणि एक नेम केला. दर रविवारी एकच घर, एकच तास. ओवी मिळो न मिळो, जायचे. कधी चहा घेऊन रिकाम्या हाताने परत येतो. कधी सून दारातूनच सांगते, ‘आजी झोपल्या आहेत.’ मग पुढच्या रविवारी पुन्हा त्याच दारी. त्या अंथरुणावरच्या आजीने जाण्यापूर्वी मला सहा ओव्या दिल्या. एका वेळी एक ओळ, मध्ये बराच वेळ शांत राहून. तिच्याकडच्या बाकीच्या ओव्या कायमच्या गेल्या. ते नुकसान माझ्या खात्यावर आहे आणि ते भरून निघणार नाही.

श्रोतेहो, तुमच्याही घरात अशी एखादी वही माळ्यावर पडलेली असेल. अर्धवट सोडलेली परीक्षा असेल, शिकायचे राहिलेले वाद्य असेल, वडिलांना विचारायचा राहिलेला एखादा प्रश्न असेल. मोठा संकल्प करू नका. आज वही फक्त खाली काढा, धूळ झटका आणि एक ओळ लिहा. पुढच्या रविवारी दुसरी.